कव्हरवरची मिनिटं आधी वाचा

२४ जानेवारी २०२५ ला ‘ते’ जुनं कार्टून रामायण थिएटरांत पुन्हा लागलं आणि पुढचे दोन आठवडे आकुर्डीतल्या आमच्या सोसायटीत माझा भाव वधारला. मी जन्मभर एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक मेंटेनन्सला होतो आणि निवृत्तीनंतर लोकांच्या टीव्हीच्या मागे हात घालतो, एवढंच माझं भांडवल. जिन्यात गाठून सगळे एकच विचारत होते, “काका, हे घरी ठेवायला मिळेल का हो? डिस्क वगैरे?” पोरांना चित्रपट आवडला होता आणि त्यांना घेऊन गेलेल्या आईबापांना आपलं लहानपण आठवलं होतं. सुट्टीत कार्टून नेटवर्क लावून, जमिनीवर पालथं पडून पाहिलेलं रामायण.

मिळेल की नाही हा प्रश्न दुसरा. आधी विचारायचं ते ‘कोणतं मिळेल’. जुन्या अ‍ॅनिमेशनपटांच्या बाबतीत नाव एक आणि माल वेगळा हा प्रकार इतका सर्रास आहे, की दुकानात किंवा मोबाइलवर ऑर्डर करण्याआधी पाच मिनिटं कव्हर वाचण्यात घालवावीत. ती कशी घालवायची तेच इथे सांगतो.

याच रामायणाचं बघा. युगो साको नावाचा जपानी माणूस १९८३ मध्ये एका उत्खननावरच्या माहितीपटासाठी भारतात आला, रामकथेच्या प्रेमात पडला आणि पुढची बरीच वर्षं त्याने त्यातच घातली. त्याच्यासोबत दिग्दर्शनाला कोइची सासाकी आणि आपले राम मोहन. भारतीय अ‍ॅनिमेशनमधलं हे मोठं नाव, पुढे २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संगीत वनराज भाटियांचं. चित्रपट १९९२ मध्ये पुरा झाला. मूळ संवाद इंग्रजीत होते आणि गाणी संस्कृतात. हिंदी आवाज नंतर चढले: रामाला अरुण गोविल, रावणाला अमरीश पुरी, निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा. लोकांच्या मनात जे बसलंय ते हे हिंदी रूप. पूर्ण लांबी १३५ मिनिटं.

पुढे अमेरिकेसाठी याचीच एक आवृत्ती निघाली, ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने. तिच्यात निवेदन जेम्स अर्ल जोन्सचं, रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टनचा, आणि लांबी ९६ मिनिटं. म्हणजे एकोणचाळीस मिनिटं कात्रीखाली गेली. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांच्या भावाने न्यू जर्सीहून मोठ्या प्रेमाने ही डिस्क पाठवली. कव्हरवर तोच निळसर राम, तोच धनुष्य ताणलेला हात. घरात सगळे जमले, पोहे झाले, आणि डिस्क लावल्यावर आजी म्हणाल्या, “हे इंग्रजी काय लावलंत? आणि इतक्यात संपलं कसं?” भावाचा दोष नाही आणि डिस्कचाही नाही. ती जे आहे म्हणून विकली जात होती तेच होती. पाठीमागे बारीक अक्षरांत ९६ लिहिलेलं होतं, ते कुणी वाचलं नव्हतं.

तेव्हा पहिला नियम: चित्र बघू नका, मिनिटं बघा. आपल्याला आठवतो त्या चित्रपटाची मूळ लांबी आधी शोधून ठेवा आणि कव्हरवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

इथे एक गोम आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने बनतो. भारत आणि युरोपात टीव्हीची जी पद्धत होती, पाल, ती सेकंदाला २५ चौकटी दाखवते. त्यामुळे या पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट चार टक्के जोरात पळतो. १३५ मिनिटांचा चित्रपट साधारण १३० मिनिटांत संपतो आणि ८८ मिनिटांचा ‘लायन किंग’ साडेचौऱ्याऐंशीत. यात काहीही कापलेलं नसतं. फक्त आवाजाची पट्टी किंचित चढते, तीही तयार कानालाच कळते. म्हणून चार टक्क्यांचा फरक दिसला तर निर्धास्त राहा. त्याहून मोठा फरक असेल तर मात्र हात आखडता घ्या. कारखान्यात आम्ही टॉलरन्स म्हणायचो, तसंच हे.

कधीकधी मिनिटं कमी नसतात, वाढलेली असतात. १९९४ चा ‘लायन किंग’ २००३ मध्ये डीव्हीडीवर आला तेव्हा त्यात झाझू पक्ष्याचं ‘मॉर्निंग रिपोर्ट’ हे एक आख्खं गाणं नव्याने रंगवून घातलेलं होतं. रंगमंचावरच्या नाटकातून ते उचललं होतं. मूळ चित्रपट पाहायचा की वाढवलेला, हे त्या डिस्कच्या मेनूत निवडता येत होतं. पण मेनू उघडून बघतंय कोण? आपण प्ले दाबतो आणि चहा टाकायला जातो. अशा ‘स्पेशल’, ‘प्लॅटिनम’, ‘डायमंड’ वगैरे बिरुदांच्या डिस्क घेतल्या की आधी मेनूत शिरून मूळ आवृत्ती कुठे आहे ते पाहून ठेवा. माझ्या मते लहान मुलांना पहिल्यांदा मूळच दाखवावी. वाढीव गाणं नंतर गंमत म्हणून.

मिनिटांइतकाच घोळ नावाचा. ‘जंगल बुक’ मागवणाऱ्या दहा जणांपैकी निम्म्यांच्या मनात एक असतं आणि हातात दुसरं येतं. दूरदर्शनवर १९९३ मध्ये रविवारी सकाळी जी मालिका लागायची, जिचं गुलजारांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाजांनी चाल दिलेलं शीर्षकगीत आजही कुठल्याही गेट-टुगेदरला म्हटलं जातं, ती मुळात जपानची. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ ची, ५२ भागांची. तिच्या हिंदीतल्या शेरखानाला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज. डिस्नेचा चित्रपट १९६७ चा, ७८ मिनिटांचा. त्यात ते गाणं नाही आणि नानाही नाही. शिवाय १९९४ चा एक आहे, त्यात खरी माणसं. आणि २०१६ चा, त्यात खरा मुलगा आणि संगणकावर केलेले प्राणी. या शेवटच्याच्या हिंदी रूपात पुन्हा नाना पाटेकर शेरखान झाले, त्यामुळे गोंधळात भर. माझ्या सुनेने मोठ्या हौसेने मागवलेला ‘जंगल बुक’ निघाला १९६७ चा, आणि ती गाण्याची वाट बघत पाऊण तास बसली. नातीला अस्वल आवडलं ही गोष्ट वेगळी.

ऑर्डर करताना नावापुढे साल आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव टाकून शोधलं की निम्मा घोळ मिटतो.

आता चित्राचा आकार. जुने टीव्ही जवळजवळ चौकोनी होते, रुंदी चार तर उंची तीन. आजचे सोळा-नऊ. १९६७ चा ‘जंगल बुक’ जुन्या डिस्कवर चौकोनी मिळायचा. चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने २००७ मध्ये जी डीव्हीडी निघाली, तिच्यात थिएटरात दिसायचा तसा रुंद. म्हणजे चौकोनी डिस्कमध्ये वर-खाली थोडं जास्त चित्र दिसतं आणि रुंदात ते झाकलेलं असतं. दोन्ही गटांचे लोक एकमेकांशी भांडतात. मला विचाराल तर दिग्दर्शकाने थिएटरसाठी जी चौकट मनात धरली तीच घ्यावी. पण १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ किंवा १९५० चा ‘सिंड्रेला’ असे चित्रपट मुळातच चौकोनी आहेत. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येणारच. त्या आल्या म्हणून डिस्क परत करायला निघालेले लोक मी पाहिलेत. त्या पट्ट्या असणं हीच चांगल्या डिस्कची खूण आहे.

‘सिंड्रेला’चं नाव निघालंच आहे तर आणखी एक. ‘रिस्टोर्ड’ हा शब्द कव्हरवर सोनेरी अक्षरांत असला म्हणून भुलू नका. जुन्या फिल्मवर बारीक रवा असतो. तो साफ करण्याच्या नादात काही वेळा संगणक चित्रकाराच्या पेन्सिलीच्या रेघाही पुसून टाकतो. २०१२ च्या ब्लू-रेवर सिंड्रेलाच्या कपड्यांवरच्या चुण्या, केसांच्या रेषा फिकट होऊन गेल्याची ओरड जाणकारांनी बरीच केली होती. २०२३ मध्ये डिस्नेने तो चित्रपट नव्याने निगुतीने साफ केला तेव्हा त्या रेषा परत दिसायला लागल्या. म्हणजे ‘नवी’ डिस्क ही नेहमीच ‘चांगली’ डिस्क नव्हे. परीक्षा सोपी आहे. एखाद्या पात्राचा चेहरा जवळून दिसतो तिथे पॉज करा. रेघ जिवंत, किंचित खरबरीत दिसली पाहिजे. प्लास्टिकच्या बाहुलीसारखा गुळगुळीत चेहरा दिसला तर समजा, घासणीने भांड्याची कल्हईच काढली आहे.

भाषेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. विदेशी अ‍ॅनिमेशनपटांच्या डिस्कवर मराठी आवाज सापडला तर लॉटरी समजा. हिंदी बहुधा असतो, पण तोही गृहीत धरू नका. ‘ऑडिओ’ असा शब्द लिहिलेला असतो त्याच्यापुढे वाचा. ‘सबटायटल’पुढे हिंदी लिहिलं असेल तर ती फक्त खालची अक्षरं, आवाज नव्हे. अजून वाचता न येणाऱ्या नातवाला त्यांचा काही उपयोग नाही. घरात इंग्रजी कळणारं मूल नसेल तर एक जुना उपाय आहे आणि तो फुकट आहे: आवाज बारीक करून आजीने मराठीत सांगत जायचं. आमच्याकडे ‘जंगल बुक’मधल्या बालूचा उल्लेख अजून ‘अस्वलराव’ असाच होतो.

परदेशातून डिस्क येणार असेल तर विभाग तपासा. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये, युरोप आणि जपान २ मध्ये. पृथ्वीच्या गोलाच्या छोट्या चित्रावर हा आकडा छापलेला असतो. अमेरिकेची १ क्रमांकाची डिस्क इथल्या प्लेअरमध्ये घातली तर तो सरळ नकार देऊ शकतो. ‘ऑल’ किंवा शून्य लिहिलेली असेल तर कुठेही चालते. ब्लू-रेला आकडे नाहीत, अक्षरं आहेत: अमेरिका आणि जपान ए, युरोप बी, आपण सी. फोरके डिस्कना मात्र अशी कुंपणं नाहीत. भाचा तिकडून काय आणू म्हणून विचारतो तेव्हा ‘डिस्क आण’ एवढं न सांगता आकडा-अक्षर सांगा. नाहीतर प्लेअरही तिकडचाच आण म्हणावं लागेल.

खरी डिस्क कोणती आणि नकली कोणती? फुटपाथवर ‘फाइव्ह इन वन’ मिळायच्या, एकाच डिस्कवर हनुमान, बाल गणेश आणि आणखी तीन. तो नाद सोडा. त्यात चित्र इतकं दाबलेलं असतं की हनुमानाची शेपटी हलली की तिच्यामागे चौकटी-चौकटी पळतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार व्हिडिओवर किंवा त्याच्या डब्यावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता असावा लागतो. तेवढं बघा. आणि डिस्क उलटी करून खालची बाजू बघा. छापील डिस्क चंदेरी असते. निळसर, जांभळट किंवा हिरवट झाक असेल तर ती कुणीतरी घरी ‘राइट’ केलेली आहे.

ही झाक आणखी एका कारणासाठी ओळखायला हवी. राइट केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, आणि तो थर ऊन, उष्णता, दमटपणा यांनी हळूहळू उतरतो. मुलाच्या बारशाची, पहिल्या वाढदिवसाची सीडी फोटोवाल्याने अशाच डिस्कवर दिलेली असते. चित्रपट पुन्हा विकत मिळेल, बारसं मिळणार नाही. त्या डिस्कची प्रत आधी काढा.

इथून आपण माळ्यावर चढतो. पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक घरांच्या माळ्यावर एक खोका असतो. त्यात दोन-चार व्हीएचएस कॅसेट, वीस-पंचवीस व्हीसीडी आणि थोड्या डीव्हीडी. व्हीसीडीचा जमाना आपल्याकडे दणक्यात होता. २००७ च्या सुमारास एका कंपनीने डीव्हीडी ३४ रुपयांत आणि व्हीसीडी २८ रुपयांत विकायला काढली तेव्हा तर भाजी आणायला गेलेला माणूस चित्रपट घेऊन यायचा. व्हीसीडीत एका डिस्कवर साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून चित्रपट दोन डिस्कचा. आणि त्यातली दुसरी नेहमी हरवलेली! खोका उघडलात की आधी जोड्या लावा.

मग साफसफाई. मऊ सुती कापड, गरज पडली तर किंचित ओलं. पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. ताट पुसल्यासारखं गोल फिरवायचं नाही, कारण माहिती गोल मार्गावर असते आणि गोल चरा पडला तर तिचा लांबच लांब तुकडा जातो. आडवा चरा प्लेअर बऱ्याचदा पचवतो. खालच्या बाजूला चरे पडले म्हणून लोक घाबरतात आणि वरच्या, छापील बाजूवर बॉलपेनने ठसठशीत नाव लिहितात. व्हीसीडीत हे अगदी उलटं आहे. चंदेरी थर छापील बाजूच्या लगेच खाली, पातळ लॅकरच्या आड असतो. बॉलपेनचं टोक त्या थरालाच जाऊन भिडतं. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. तरी लिहायचंच असेल तर मऊ मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा, आणि सर्वांत बरं म्हणजे डब्यावर लिहा.

व्हीसीडी वाचवणं सोपं आहे. आता लॅपटॉपला डिस्क घालायची फट नसते, पण यूएसबीला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. डिस्क उघडली की आत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसतं. त्यात शेवटी ‘डॅट’ असलेली मोठी फाइल म्हणजे चित्रपट. व्हीएलसी प्लेअर ती जशीच्या तशी चालवतो. बारशाच्या, स्नेहसंमेलनाच्या, मुलाच्या नाचाच्या डिस्कचं हे आजच करून टाका, आणि दोन ठिकाणी ठेवा: एक हार्ड डिस्क घरात, एक दुसऱ्या गावी भावाकडे. एकाच जागी सगळं न ठेवण्याचा धडा आपल्याला पुण्यानेच दिला आहे. ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जिथे ठेवल्या होत्या तिथे आग लागली आणि जुन्या मूकपटांची, प्रभातच्या काळाची मूळ रिळं तिच्यात गेली. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं झालं, आपला तर खोका आहे.

विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडीला मात्र कुलूप असतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ अशी कुलपं हक्कभंगाच्या हेतूने तोडण्याला गुन्हा ठरवतं. प्रत काढून वाटणं, विकणं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं यात पडू नका. डिस्क नीट जपलीत तर प्रत काढायची वेळ येत नाही.

कॅसेटची गोष्ट नाजूक आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, जुलै २०१६ मध्ये हात टेकले. त्यामुळे चालू व्हीसीआर हेच दुर्मीळ झालंय. सापडला तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, आणि तोही घासाघीस करून, तिथेच वायर जोडून चालवून दाखवायला लावूनच घ्या. कॅसेटच्या काचेतून आत पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला वाटत सुटते. मी हा प्रमाद केलाय. शेजाऱ्यांच्या लग्नाची कॅसेट घातली आणि माझ्या मुलीच्या पहिल्या पावलांची कॅसेट त्यापायी खराब झाली. बुरशीची कॅसेट जाणकाराकडेच द्या. बिनबुरशीची आधी एकदा टोकापर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटलेले थर मोकळे होतात. त्यानंतरच व्हीसीआरची पिवळी-लाल-पांढरी वायर संगणकाच्या कॅप्चर यंत्राला जोडा.

आता समजा सगळं जुळलं. योग्य मिनिटांची, योग्य भाषेची डिस्क हातात आहे. अर्धी लढाई टीव्हीशी बाकी आहे, आणि ती लोक हरतात. नव्या टीव्हीच्या मागे तीन रंगांची भोकं नसतातच, असली तर एकाच बारीक भोकात तिन्ही कोंबणारी वायर लागते. म्हणून प्लेअर घेताना एचडीएमआय असलेलाच घ्या. ब्लू-रे पाहायची असेल आणि घरात डिस्कची फट असलेला प्लेस्टेशन असेल तर वेगळा प्लेअर नको, पोराला विनवणी करा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदला. चित्राचा आकार ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’वर ठेवा, नाहीतर चौकोनी चित्रपट ताणला जाऊन सडपातळ सिंड्रेलाची पार आत्याबाई होते. चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’वर आणा. दुकानात भडक दिवे असतात म्हणून तिथे ‘व्हिव्हिड’ लावतात, घरी त्याने रामाचा निळा रंग नीळ टाकलेल्या सदऱ्यासारखा दिसतो. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय, पण ‘मोशन’ हा शब्द त्यात बहुधा असतो. हाताने काढलेल्या चित्रपटात बऱ्याच वेळा एकच चित्र दोन चौकटी टिकतं, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. चित्रकाराने ती थांब-चाल ठरवून केलेली असते. टीव्ही मधल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरायला जातो आणि पात्रांच्या हातांना भुतासारख्या सावल्या येतात. बंद करून बघा, नातवंडं नाही पण तुम्ही नक्की म्हणाल की लहानपणी असंच दिसायचं.

“एवढा खटाटोप कशाला, मोबाइलवर आहे की सगळं,” असं माझा जावई म्हणतो. असतं, तोवर असतं. ३१ मार्च २०२३ नंतर एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून एका रात्रीत गेल्या, पैसे भरलेले लोक बघत राहिले. तिथे आपण भाडेकरू. आणि आवृत्ती कोणती ठेवायची हेही मालकच ठरवणार. मी ओटीटीच्या विरोधात नाही, घरात दोन आहेत. पण जो चित्रपट पोराने पंधरा वेळा बघितलाय तो एक तरी कपाटात असावा. आपल्याकडचेही ठेवा: व्ही. जी. सामंतांचा २००५ चा ‘हनुमान’, पुण्याच्या क्रेऑन पिक्चर्सने केलेला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला २०१२ चा ‘दिल्ली सफारी’. पुण्यात बसून कुणीतरी बिबट्याचं पिल्लू हलवलं हे आकुर्डीतल्या चित्रकार पोराला कळलं पाहिजे.

सोसायटीत पडदा लावून सगळ्यांना दाखवायचा बेत असेल तर थांबा. डिस्क घरगुती पाहण्यासाठी विकलेली असते, तसं ती सुरू होतानाच लिहून येतं. गणपतीच्या मांडवात किंवा क्लब हाउसात दाखवायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. आमच्या मंडळाने पत्र पाठवलं होतं, उत्तर आलं नाही, मग मुलांना खडीसाखर आणि पपेट शो दिला. मुलं खूश होती.

राहता राहिलं सांभाळणं. डिस्क डब्यात, पुस्तकासारख्या उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचून नाही. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, दुपारी ती भिंत तापते. एमआयडीसीकडची बारीक धूळ खिडकी बंद असली तरी घरात येते, म्हणून प्लेअरवर फडकं टाका, पण चालू असताना नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणार असेल तर डिस्क आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर ती आत अडकते आणि पोरं चमच्याने ट्रे उचकटतात.

दमटपणासाठी सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवायच्या. त्या बदलायच्या कधी हे लक्षात राहत नाही, म्हणून मी एक खूण धरली आहे. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या दिवशी सकाळी, दर्शनाच्या रांगेत उभं राहायच्या आधी, जुन्या पुड्या काढतो आणि नव्या टाकतो. पाऊस मागून येतोच.